दुधावर ठेवलेली जाळी

अक्का, तुझ्या तेरवीला मला गोष्ट सांगायला सांगितली गं.

जेवणं उरकली होती. पत्रावळी उचलून झाल्या होत्या. मांडवात पुरुषमाणसं सुपारी कातरत बसलेली, आणि सोनाळ्याचे काका म्हणाले, "मध्या, ते ट्यूबलाइटीचं सांग ना बे. या नव्या पोट्ट्यायनं आयकलं नाई. तेवढीच अक्काची आठवन निंघन."

तुला माझी खोड ठाऊक आहे. लग्न असो, बारसं असो, मयत असो, 'सांग' म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. बाबांच्या तेरवीला मी त्यांच्या दाढदुखीची गोष्ट सांगून अख्खा मांडव हसवला होता आणि तू मला मागच्या अंगणात नेऊन कान पिळला होतास. तीन लेकरांच्या बापाचा कान. म्हणून मी मांडी सावरली, घसा खाकरला, म्हणालो, "तर काय झालं, आमची अक्का..." आणि तिथंच अडकलो. काका म्हणाले, हां, पुढं? पोरं तोंडाकडे बघताहेत. मी उठलो, हौदावर गेलो आणि धुतलेलेच हात पुन्हा धुतले.

लोक म्हणाले, भावाला फार लागलं. लागलं, खोटं कशाला बोलू. पण मी गप्प झालो तो रडू आल्यामुळे नाही. इतकी वर्षं जी गोष्ट मी सांगत आलो, ती त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानांनी ऐकली.

आता तुलाच ती परत सांगतो. त्या मशीनवर नऊ वर्षं तू बसलीस, तुला मी काय सांगणार! पण पहिल्यापासून धरल्याशिवाय मला गोष्ट येत नाही, एवढं चालवून घे.

खामगावात जलंब रस्त्याला शेठजींचं ते पत्र्याचं शेड. प्लॅस्टिकचे रेनकोट, शाळेची दप्तरं, रेशनकार्डाची कव्हरं. मी तिथला मिस्त्री. मिस्त्री म्हणजे काय, तर पाने-पकडी सांभाळायच्या आणि शेठजींच्या शिव्या गाळून खाली पोचवायच्या. मुंबईहून दोन जुनी मशीनं आली. निखारा नाही, शेगडी नाही, सुई-दोरा नाही. प्लॅस्टिकची दोन पानं पितळी साच्याखाली सरकवायची, पायानं पट्टी दाबायची, वरची पाटी खाली येते, मनात तीन मोजायचे, की पानं एकजीव. "रेडिओच्या लहरींसारख्याच लहरी आहेत, आतून गरम करतात," असं बसवायला आलेला माणूस सांगून गेला. रेडिओचं नाव काढल्यावर आपण काय भिणार! भाऊजींचं जिनिंगमधलं काम हंगामापुरतं, घर चालेना, म्हणून मीच शेठजींच्या मागे लागलो. माझ्या बहिणीला घ्या, हात साफ आहे तिचा. तू पहिल्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन आलीस आणि मशीनकडे पाहून म्हणालीस, "बाप्पा! हे त शिवनयंत्राचा सासराच दिसते."

मग मी शहाणपणा केला. नारळ फोडला, साच्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि दारावर पाटी लावली की लक्ष्मी आहे, चपला दाराबाहेर. शेठजींना फार आवडलं. सकाळी फरशी पाण्यानं धुवायची, तिच्यावर अनवाणी बसायचं, हात लावायच्या आधी मशीनला नमस्कार. सगळ्यांनी मानलं. नाही मानलं ते एकट्या सुमनबाईनं. ती तुझ्या शेजारच्या मशीनवर असायची, बौद्धवाड्यातून यायची, आणि रबरी चपला पायात घालूनच आत आली.

"सुमनबाई, चपला," मी म्हटलं.

"काऊन?"

"लक्ष्मी हाय ते."

"मिस्त्री, लक्ष्मी असती त तिनं मले पोसलं असतं. मीच तिले तेलपानी करून राह्यली. माह्या घामानं चालते ते. मी नाई काढत."

तू तोंडाला पदर लावून हसलीस. माझा असा अपमान झाला, की मी सुमनबाईला आठ दिवस कापणीच्या टेबलावर बसवलं. आठ दिवसांनी मशीन खोळंबलं तेव्हा परत आणलं. ती चपला घालूनच परत आली.

आणि जाळी. मशीनं आली तेव्हा प्रत्येक साच्याभोवती बारीक भोकांच्या जस्ती पत्र्याचं खोकं होतं, पुढे उघडमीट करायला दार. आपण सगळे त्याला जाळी म्हणायचो. रेशनकार्डाचं कव्हर त्यात मावायचं. रेनकोट मावेना. दर वेळी दार उघडा, पान दुमडा, दार लावा. पावसाळ्याच्या तोंडावर शेठजींनी दिवसातून चारदा घड्याळ दाखवलं. मी पाना घेतला, चार बोल्ट फिरवले, जाळी उचलून भिंतीला टेकवली. पाव तास लागला नसेल. शेठजी म्हणाले, "वा मिस्त्री, दिमाग है." मी त्या दिवशी घरी जाताना बायकोसाठी गजरा घेतला, इतका फुगलो होतो.

त्यानंतर महिन्याभरानं ती गोष्ट जन्माला आली. मी वरची जळालेली ट्यूब काढून तुझ्या मागून चाललो होतो. तू पट्टी दाबलीस आणि माझ्या हातात ट्यूब पेटली. वायर नाही, बटन नाही, मेलेली ट्यूब लख्ख. तू पाय काढलास, विझली. दाबलास, पेटली. मी किंचाळलो. तू मागे वळून म्हणालीस, "काय झालं रे? इंचू चावला का?"

मग काय, माझा खेळच झाला तो. माल न्यायला येणारे व्यापारी, शाळेचे मास्तर, पाहुणे, जो येईल त्याला मी तुझ्या खुर्चीमागे उभा करायचो आणि हातात ट्यूब द्यायचो. लग्नामुंजीत सांगायचो, "आमच्या अक्कानं नुसता पाय दाबला की मेलेली ट्यूब जिती होते!" लोक लोटपोट. तूही हसायचीस. थंडीत म्हणायचीस, बरं वाटते, अंगात ऊब येते. कधी म्हणायचीस, घोट्यात मुंग्या येतात, जोडवी तापतात. मी त्यावरही विनोद करायचो.

तिसऱ्या पावसाळ्याआधी मशीन अडलं म्हणून मुंबईहून इंजिनीअर आला, आठवतो? चष्मेवाला, बारीक, सारखा रुमालानं मान पुसणारा. मशीन दुरुस्त झालं. मी मोठ्या हौसेनं त्याच्या हातात ट्यूब दिली. तू पट्टी दाबलीस. ट्यूब पेटली आणि त्या माणसाचा चेहरा उतरला.

"बाई, पाय काढा. आधी पाय काढा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "याची जाळी कुठे आहे?"

"काढली साहेब. रेनकोट मावत नाही."

"कोणी काढली?"

मी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी छताकडे पाहिलं.

"ही ट्यूब ज्यानं पेटते ना, ते या बाईंच्या अंगातून जातंय," तो म्हणाला. "रोज. दिवसभर. आणि यांच्या पायात चप्पल का नाही? ओल्या फरशीवर अनवाणी? अहो, अंगातून जमिनीत जायला वाट करून दिलीत तुम्ही त्याला!" मग त्यानं विचारलं, घोटे दुखतात का, मनगटं? तू मान हलवलीस. सुमनबाईला विचारलं. ती म्हणाली, हात जड होतात, पायाचं काही नाही. त्यानं तिच्या चपलांकडे पाहिलं, मग तुझ्या अनवाणी पायांकडे. सुमनबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, बस. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाताना तो तुझ्यापाशी थांबला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, तोंड साच्याच्या फार जवळ नेऊ नका. हाताला चटका कळतो, डोळ्याला आतली गरमी कळत नाही. ती वाहून न्यायला तिथल्या भिंगात रक्तच नसतं. पुढे काय होतं, कुणाला होतं, कुणाला नाही, ते ठाम कोणी सांगत नाही. पण जाळी लावा." रबराच्या चटया आणा म्हणाला, चपला घाला म्हणाला, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

त्याच दिवसापासून चपला आत आल्या. मी गुपचूप दारावरची पाटी उतरवली, कोणाला काही सांगितलं नाही. चटया आल्या नाहीत. जाळी मी लावली, आणि आठ दिवस ती राहिली. नवव्या दिवशी तू म्हणालीस, "मध्या, काढ रे ते खोकं. काम सरत नाई. मी रोज उशिरापर्यंत थांबून राह्यली. घरी स्वयपाक कोन करन?" शेठजींचंही तेच म्हणणं होतं. मला तर निमित्तच हवं होतं. काढली.

इथून पुढे आपलं भांडण, जे अजून मिटलं नाही. डोळे गेल्यावर मी तुला म्हणायचो, अक्का, माझी चूक. तू म्हणायचीस, मीच काढ म्हटलं होतं. मी म्हणायचो, मिस्त्री मी होतो. तू म्हणायचीस, आन डोळे माहे होते, मले अक्कल नव्हती का. किती वेळा झालं हे! दोघंही आपापल्या डोक्यावर घ्यायला बघायचो, आणि मला त्यातून एक सोय मिळायची. तू तुझ्यावर घेतलंस की मी त्या दिवसापुरता सुटायचो. तुला वाटायचं भाऊ प्रेमानं भांडतोय. अर्धं प्रेम होतं.

शेडमध्ये जागा अडते म्हणून शेठजी म्हणाले, हे खोकं भंगारात टाक. मी घरी आणलं. तुझ्या भावजयीनं त्याला घासूनपुसून चुलीशेजारी ठेवलं आणि त्यात दूध-दही झाकायला लागली. भोकं बारीक, हवा खेळते, मांजराचं नख शिरत नाही. तू दर रविवारी यायचीस. तिनं त्याच जाळीचं दार उघडून दूध काढायचं, चहा टाकायचा, आणि आपण दोघांनी तो फुंकून प्यायचा. तू पहिल्यांदा ओळखलंस तेव्हा कपबशी खाली ठेवलीस. मला वाटलं आता बोलशील. तू म्हणालीस, "वैनी, दूध त चांगलं राह्यते हो याच्यात." मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "मांजरीपासून वाचलं बापा, दूध तरी." आणि हसलीस. मीही हसलो. अक्का, मी हसलो गं. त्या वेळी उठून ते खोकं डोक्यावर घेऊन शेडवर गेलो असतो तर किती वर्षं उरली असती तुझ्या डोळ्यांची?

आधी बोटं गेली. तव्यावरची भाकरी हातानं उलटवताना चटका कळेनासा झाला. सुईत दोरा जाईना. मग म्हणालीस, दिव्याभोवती कोंडाळं दिसतं. मग एका डोळ्यावर धुकं, मग दुसऱ्यावर. चाळिशी उलटून किती झाली होती तुला? नेत्रशिबिराच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढले, म्हणाले, लवकर आले बाई, येतात एखाद्याला. मी त्यांना मशीनचं सांगितलं. ते म्हणाले, असेल, नसेल, सांगता येत नाही. त्यांचा दोष नाही. खरंच सांगता येत नाही. पण सुमनबाई त्याच शेडमध्ये तेवढीच वर्षं होती आणि तिला चाळिशीचा चष्मासुद्धा नाही, हे जेव्हा मी स्वतःला समाधान म्हणून सांगतो, तेव्हा मला तिचं मशीन आठवतं. तिच्याकडे फक्त कव्हरं असायची. तिच्या मशीनची जाळी मी कधी काढलीच नव्हती.

बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला तुला. समोरचं मोठं दिसायचं, बाजूचं दिसायचंच नाही. दारात उभ्या माणसाला तू आधी विचारायचीस, कोन होय? मी आवाज बदलून म्हणायचो, तहसीलदार. तू म्हणायचीस, या तहसीलदार, बसा, उपाशी दिसता. असे आपण दिवस काढले.

आणि तुझ्या खुर्चीवर निर्मला बसली. तुझी निर्मी. बारा महिन्यांपूर्वी. आईच्या जागी लेक, असं शेठजी मोठ्या मनानं म्हणाले. तुला ते कळलं तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी भाऊजींना बाहेर पाठवून मला जवळ बसवलंस.

"मध्या, जाळी लाव."

"लावतो अक्का."

"कधी?"

"सीझन संपू दे. आता रेनकोटाचा माल आहे. शेठजी ऐकणार नाहीत."

"मी तुले काही मागितलं का रे आजलोक?"

"नाही."

"मंग आता मागून राह्यली. पोट्टीचं लगन व्हायचं हाय. तिले पोरं पाहू दे, सुईत दोरा घालू दे. लाव."

मी हो म्हटलं. पावसाळा गेला. दप्तरांचा माल आला. मी जाळी काढायला स्वयंपाकघरात जायचो, तिच्यात दूध असायचं, मी परत यायचो. सांगायलाही लाज वाटते, पण असंच झालं. शेठजींशी भांडायचं होतं, नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्या सगळ्याला मी 'दूध आहे आत' असं नाव दिलं होतं. मग तुला कावीळ झाली. मशीननं कावीळ झाली असं मी म्हणत नाही. त्याचं पाप मशीनवर घालणं खोटं होईल. सरकारी दवाखान्यात मी तुझ्या उशाशी होतो. पिवळे झालेले डोळे त्या जाड भिंगांमागून शोधत होते. "कोन होय?" मी म्हटलं, "मी, मध्या." तू विचारलंस, "लावली का?"

मी म्हटलं, "हो अक्का, लावली."

तू डोळे मिटलेस. बरं झालं, म्हणालीस. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलीस.

आता सांग, अशा माणसानं तेरवीला कोणती गोष्ट सांगायची?

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध पातेल्यात ओतलं, बायको विचारत राहिली, काय करता. जाळी सायकलला बांधली. शेडमध्ये शेठजी यायच्या आत पोचलो. निर्मीला म्हटलं, ऊठ. बोल्ट नाही घातले, रिबिटा मारल्या, सोळा, म्हणजे पान्यानं कोणाला काढता येऊ नयेत. सुमनबाईनं न सांगता येऊन पत्रा धरला. हातोडीचा आवाज ऐकून शेठजी आले. म्हणाले, "ये क्या तमाशा है?" मी म्हटलं, माझी बहीण मेली शेठजी. म्हणाले, "उसका दुख हमको भी है. लेकिन माल?" मी म्हटलं, निघत असेल तसा निघेल. मी एवढंच बोललो. इतर वेळी मी तासभर बोललो असतो, आणि त्यांनी माझी समजूत घातली असती.

मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याचं काही नाही. पण आता मी आत नाही, अक्का. नवीन मिस्त्री आलाय. रिबिटा छिन्नीनं उडतात, आणि छिन्नी तर त्याच्याकडेही आहे.

रोज पाचला मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसतो. सुट्टी होते, बायका निघतात. निर्मी रस्ता ओलांडून येते. तिला विचारतो, जाळी आहे ना?

"हाय मामा."

"रेनकोट कसे करता मग?"

"होतात मामा. हळूहळू."

"तुझ्या डोळ्यांचं काय?"

"काई नाई मामा. मले काय धाड भरली?"

आणि पदर ओढून घेते. तूही अशीच म्हणायचीस, काही नाही, बरं हाय, आणि मी तुझं खरं मानायचो, कारण मला तेच हवं असायचं. तिचं खरं मानायला मन घेत नाही. परवा मी सुमनबाईला गाठलं. ती थांबली, चपलेनं रस्त्यावरचा खडा बाजूला सारला. म्हणाली, "मिस्त्री, मले नका विचारू. त्या पोरीचं लगन हाय. शेठजीनं तिले म्हटलं, माल निंघाला नाई त नवी मुलगी पाहातो." एवढं म्हणून ती चालू लागली.

काल मी अर्ज लिहिला, कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबाच्या नावानं. तीनदा फाडला. पहिल्यांदा तुझ्याबद्दलच लिहीत सुटलो, चार पानं झाली, त्यात ट्यूबही आली. दुसऱ्यांदा शेठजींना शिव्या झाल्या. तिसऱ्यांदा सगळं गोड झालं, माझं नावच कुठे नव्हतं. चौथा अर्ज एका पानाचा आहे. जाळी मी काढली, केव्हा काढली, कोणाच्या सांगण्यावरून, इंजिनीअर काय बोलला, तुझ्या डोळ्यांना काय झालं, आणि आज त्या खुर्चीवर कोण बसते. खाली माझी सही. तपासणी आली तर आधी मला धरतील, आणि ते बरोबरच आहे. शेड बंद पडलं तर निर्मीचं काम जाईल, सुमनबाईचं जाईल, लग्नही लांबेल. निर्मी माझ्याशी बोलणार नाही. भाऊजी दारात उभं करणार नाहीत. हे सगळं मला दिसतंय.

उद्या सकाळच्या गाडीनं तो अर्ज द्यायला जातो. कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही विचारत नाही, अक्का. विचारलं तर लेकीच्या लग्नासाठी तू म्हणशील, राहू दे रे आता, आणि मी राहू देईन.